सुझुकीला मारुतीने तारलं का? आधी माग बघा

"सुझुकीला जपानात कोण विचारतं, मारुतीमुळे तगली ती कंपनी" असं तुमचे मित्र म्हणाले, आणि हे कितपत खरं असं तुम्ही विचारलंय. अर्धं खरं आहे. पण मारुतीचा करार 1982 चा आणि कंपनी 1909 ची. मधली त्र्याहत्तर वर्षं कुठे गेली?

कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकी मूळचे सुतार. जपानातल्या त्यांच्या हामामात्सूच्या परिसरात कापूस आणि विणकाम. त्यांनी पहिला लाकडी माग आईसाठी केला, असं सांगतात. मी इचलकरंजीचा, मागांच्या खडखडाटात वाढलेला, तेव्हा इथे जरा रेंगाळतो, चालवून घ्या. साध्या मागाला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, एकच. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, दुसरा रंग हवा तर माग थांबवा, धोटा काढा, दुसरा घाला. सुझुकींनी दोन धोट्यांची सोय केली आणि पट्ट्यांचं कापड न थांबता निघू लागलं. पुढे सारोंगचं, म्हणजे तिकडच्या लुंगीचं, कापड विणायचे त्यांचे माग इंडोनेशियापर्यंत गेले. अडचण एकच: चांगला माग मोडत नाही, एकदा घेतला की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं परत फिरकत नाही. म्हणून 1937 मध्येच त्यांनी मोटारीचे प्रयोग सुरू केले. युद्धाने ते गुंडाळावे लागले.

युद्धानंतर पुन्हा माग, आणि 1951 मध्ये सुताचा बाजारच कोसळला. 1952 ला 'पॉवर फ्री' आली, म्हणजे 36 सीसीचं इंजिन लावलेली सायकल. नुसती पायडलवर चालवा, नुसती इंजिनवर चालवा, नाहीतर चढाला दोन्ही वापरा. 1954 ला कंपनीच्या नावात 'मोटर' आलं, 1955 ला सुझुलाइट ही 360 सीसीची गाडी, तीही फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना. त्या काळी जपानात हे धाडसच होतं.

माझ्या मते खरा कसोटीचा काळ सत्तरच्या दशकातला. धुराचे नियम कडक झाले आणि सुझुकीचा जीव तर जास्त धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात. शेवटी 1977 मध्ये फ्रोंटे गाडीत चक्क प्रतिस्पर्धी डायहात्सूचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवून वेळ मारून नेली. पुढच्याच वर्षी ओसामू सुझुकी अध्यक्ष झाले. हे मूळचे मात्सुदा, बँकेत नोकरीला. सुझुकींच्या घरात घरजावई म्हणून आले आणि आडनावही घेतलं. आपल्याकडे घरजावयाला टोमणे बसतात, तिथे त्याच्या हाती कारखाना देतात!

1979 ची आल्टो हा त्यांचा डाव. प्रवासी गाडीवर वस्तूकर होता, मालवाहू व्हॅनवर नव्हता. मग आल्टोची नोंदणीच व्हॅन म्हणून. मागची सीट नावापुरती, किंमत 4 लाख 70 हजार येन. बाजारभाजी आणायला गाडी लागणाऱ्या घरांनी ती उचलून धरली. तेव्हा मारुतीआधी कंपनी मरणपंथाला लागली होती, हे काही पटत नाही.

आता उरलेलं अर्धं खरं. जपानात टोयोटा-निसानच्या पुढे जाणं शक्य नव्हतं, आणि ओसामूंना कुठेतरी पहिला नंबर हवाच होता. 1982 मध्ये 26 टक्के भांडवल घालून ते भारतात आले. तेव्हा इथे अँबेसेडर आणि कुर्ल्याची पद्मिनी, त्याही नंबर लावून. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. ती 800 म्हणजे आल्टोचीच बहीण, 796 सीसीची. पुढे अमेरिकेतला मोटारींचा धंदा सुझुकीने 2012 मध्ये गुंडाळला, तरी भारतामुळे कंपनीला धाप लागली नाही. एवढ्यापुरते तुमचे मित्र बरोबर.

जाता जाता: टोयोटाचं मूळही मागातच. टोयोटा घराण्याचे मूळपुरुष, मागवाले साकिची तोयोदा, यांचं गाव, आजचं कोसाई, हामामात्सूला लागूनच आहे. 2019 मध्ये टोयोटाने सुझुकीचे 5 टक्क्यांच्या आसपास शेअर घेतले. त्याच वर्षी आपल्याकडे आलेली टोयोटाची ग्लान्झा शोरूममध्ये नीट बघा. बिल्ला तोयोदांचा, बाकी सगळी सुझुकीची बलेनो.