मोरावळा चालतो, मग पेरू का नाही?

"शुगर निघाल्यापासून फळाला हात लावला नाही हो. आंबा नाही, चिकू नाही, पेरूसुद्धा नाही. तरी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी खाली येत नाही!" साठी ओलांडलेल्या एक काकू काकुळतीला येऊन विचारत होत्या. मी त्यांना सकाळपासूनचं खाणं सांगायला लावलं. चहा बिनसाखरेचा. पण त्याआधी, अनशेपोटी, दोन मोरावळे. "ते तर औषध. आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलंय."

पुढच्या भेटीला मी त्यांना बरणी आणायला सांगितली. मोरावळा सुरेख जमला होता. चमचा उचलला की पाकाची तार तुटत नव्हती. दोन आवळे पाकासकट काट्यावर ठेवले, 60 ग्रॅम भरले. प्रमाण त्यांनीच सांगितलं: किलोभर आवळ्यांना सव्वा किलो साखर. म्हणजे त्या 60 ग्रॅममध्ये निम्मी धरली तरी 30 ग्रॅम साखर, चहाचे सहा चमचे, तीही रिकाम्या पोटी. 100 ग्रॅमच्या पेरूत साखर साधारण 8-9 ग्रॅम, सोबत 5 ग्रॅमच्या वर चोथा. चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते.

"पण 'क' जीवनसत्त्व?" काकूंचा मुद्दा रास्त होता. कच्च्या आवळ्यात 100 ग्रॅममागे ते 250 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पण त्या आवळे टोचून उकळतात, ते पाणी मोरीत ओततात आणि मग पाकात शिजवतात. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेनं नि हवेनं नासतं. बरणीत थोडं उरतं, नाही असं नाही. पेरूत मात्र 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमच्या वर असतं, आणि बाईमाणसाची दिवसाची गरज 65.

सगळ्याच मुरंब्यांना नावं ठेवू नयेत. पिकल्या आंब्यातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं, ते शिजवूनही बरंचसं टिकतं. पण साखर घालायची ती फळ वर्षभर टिकावं म्हणून. बाजारच्या जॅममध्ये तर बहुतेक फळांच्या बाबतीत नियमानुसार फळ किमान 45 टक्के असलं की पुरतं, बाकी बहुतांशी साखरच. पेरू बंद आणि बरणी चालू, असं घराघरांत दिसतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

"गुळात केला तर?" त्यांनी जाता जाता विचारलंच. गुळानंही साखर चढतेच, काकू.

ठरलं ते असं: अकराच्या सुमारास एक मध्यम पेरू, सालासकट, चावून, रस काढून नाही. थंडीत कच्चा आवळा किसून कोशिंबिरीत. मोरावळा सणासुदीला, अर्धा, जेवणानंतर, आणि त्या दिवशी दुसरं गोड नाही. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशाच. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र पेरू किती खावा हे आधी डॉक्टरांना विचारावं, कारण त्यात पोटॅशियम बरंच असतं.