हेडफोन लावला तरी फोन ओळखतच नाही!

प्रश्न: नवीन फोनला हेडफोनचा गोल जॅक नाहीये, म्हणून टाईप-सी ते ३.५ एमएम वाला छोटा कनेक्टर घेतला. तो माझ्या फोनला लावला की काहीच होत नाही, वर हेडफोनचं चिन्हही येत नाही आणि गाणं स्पीकरवरच वाजत राहतं. गंमत म्हणजे तोच कनेक्टर, तोच हेडफोन बहिणीच्या फोनवर मस्त चालतो. रीस्टार्ट केलं, अपडेट केलं, काही फरक नाही. फोनच खराब निघालाय का, परत करू का?

उत्तर: थांबा, परत बिरत करू नका. बहिणीच्या फोनवर लावून बघितलंत हे फार चांगलं केलंत, कारण त्यामुळे हेडफोन आणि कनेक्टर दोन्ही धडधाकट आहेत हे कळलं. पण म्हणून तुमचा फोन बिघडलाय असं होत नाही, बहुतेक वेळा फोन आणि कनेक्टर यांची जोडीच जमत नसते.

झालंय असं की बाहेरून अगदी सारखे दिसणारे हे कनेक्टर आतून दोन प्रकारचे असतात. एकात फक्त तारा असतात, फोनने तयार आवाज टाईप-सी पोर्टमधून बाहेर दिला तर तो तसाच हेडफोनकडे पोचवायचा एवढंच त्याचं काम. दुसऱ्यात एक छोटी चिप असते, तिला डॅक म्हणतात, ती फोनकडून डिजिटल डेटा घेते आणि त्याचा आवाज स्वतः बनवते. बहिणीचा फोन पोर्टमधून तयार आवाज देत असणार म्हणून तिथे साधा कनेक्टर चालतो, तुमचा देत नसणार, मग त्या तारांमधून जाणार काय? आयफोनचंही तेच, २०१६ मध्ये आयफोन ७ पासून जॅक गेला, २०२३ च्या आयफोन १५ पासून टाईप-सी आलं, पण तिथेही चिपवालाच कनेक्टर लागतो.

तेव्हा डॅकवाला कनेक्टर घ्या, पॅकवर डॅक असं किंवा २४ बिट वगैरे लिहिलेलं असतं, काहीच लिहिलेलं नसेल तर आधी स्वतःच्या फोनला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. मला खरंच राग येतो याचा, की कुठला कनेक्टर कुठल्या फोनला चालेल हे पाकिटावर सरळ छापत नाहीत आणि माणूस बिचारा चांगला फोन बदलायला निघतो.

आणि हो, नवा घ्यायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन सर्चमध्ये ओटीजी (OTG, म्हणजे पोर्टला बाहेरची उपकरणं जोडून वापरायची सोय) टाकून बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते बंद असतं, आणि चालू केलं तरी थोडा वेळ काही जोडलं नाही की आपोआप परत बंद होतं. तुमचा कनेक्टर चिपवाला असेल तर नुसतं तेवढं चालू करून काम होऊन जाईल, फुकटात.

प्रश्न: माझ्या फोनला गोल जॅक आहे. वायरवाला हेडफोन लावला की संगीत ऐकू येतं पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, जवळजवळ गायबच. असं का?

उत्तर: आधी फोनचं कव्हर काढून पिन पूर्ण आत जातेय का बघा, जाड कव्हरमुळे ती केसभर बाहेर राहते आणि नेमकं हेच होतं. खिशातला कचरा आत दाबून बसला असेल तरी तेच, फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई किंवा टाचणी घालू नका प्लीज.

तरी तसंच असेल तर गाणं चालू ठेवून वायरवरचं कॉलचं बटण दाबून धरा. दाबल्यावर गायकाचा आवाज एकदम स्वच्छ आला, सोडल्यावर परत गेला? मग बिघाड कशातच नाही, पिनची रचना वेगळी आहे. माईकवाल्या पिनवर तीन रेघा आणि चार पट्टे असतात, त्यातले माईक आणि ग्राउंडचे (दोन्ही बाजूंच्या आवाजाची परतीची सामाईक वाट) पट्टे काही जुन्या हेडसेटमध्ये उलटे लावलेत. जुन्या पद्धतीला ओएमटीपी म्हणतात, आताच्या फोनमध्ये सीटीआयए असते. ग्राउंड नीट मिळालं नाही की डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायक तर सहसा दोन्ही बाजूंना सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, म्हणून तोच नेमका गायब होतो. हे दोन पट्टे अदलाबदल करणारा छोटा जोड मिळतो, तो लावला की झालं.

प्रश्न: ब्लूटूथ इअरबड कनेक्टेड दाखवतात, कॉलही येतो, पण व्हिडिओचा आवाज फोनमधूनच.

उत्तर: ब्लूटूथमध्ये इअरबडच्या नावाशेजारचं चाकाचं चिन्ह दाबा, तिथे कॉल आणि मीडिया अशी दोन वेगळी बटणं असतात, मीडियाचं बंद पडलं असणार. ते चालू असूनही नाही झालं तर ते डिव्हाइस फॉरगेट करून नव्याने पेअर करा, पण तेव्हा लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर इअरबड पटकन तिकडेच जोडले जातात आणि तुम्ही इकडे फोनला दोष देत बसाल.