सोशल मीडियाची रचना बदलली तर ध्रुवीकरण खरंच कमी होईल का?

थोडंफार होतं. पण ‘कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणारा अल्गोरिदम काढा, पोस्टी वेळेच्या क्रमाने दाखवा’ या लाडक्या उपायावर माझा फारसा भरवसा नाही. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास फेसबुक-इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांना तीन महिने तशी फीड देऊन पाहिली. ॲपवरचा त्यांचा वेळ घटला, राजकीय तेढ मात्र होती तेवढीच राहिली.

मला तैवानचा प्रयोग जास्त पटतो. 2014 मध्ये चीनबरोबरच्या व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थी थेट संसदेत ठाण मांडून बसले. त्या आंदोलनानंतर तिथल्या संगणकवाल्या कार्यकर्त्यांनी सरकारच्या साथीने ‘व्हीतैवान’ हे लोकांनी धोरणांवर चर्चा करायचं ऑनलाइन व्यासपीठ उभं केलं. 2015 मध्ये ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या उबरला कोणते नियम लावायचे हा वाद त्यावर आला. पॉलिस नावाच्या सॉफ्टवेअरवर कोणीही एखादं विधान मांडायचं आणि बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा ‘पुढे चला’ एवढंच म्हणायचं. उत्तर द्यायचं बटणच नाही! म्हणजे कोणाच्या खानदानावर घसरायची सोयच नाही. कोण कोणासारखं मत देतो यावरून गटांचा नकाशा बनतो आणि सगळ्या गटांना पटणारी विधानं ठळकपणे पुढे येतात. आपलं म्हणणं वर यावं असं वाटत असेल, तर समोरच्यालाही पटेल असं लिहावं लागतं. सुरुवातीला उबरच्या बाजूचे आणि विरोधातले असे सरळ दोन तट होते. शेवटी प्रवाशांच्या विम्यासारख्या मुद्द्यांवर दोघांचं जमलं आणि त्यातून पुढचे नियम घडले.

एक्सवरच्या (पूर्वीचं ट्विटर) कम्युनिटी नोट्स, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या पोस्टीखाली वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या टिपा, याच तत्त्वावर चालतात. एरवी ज्यांचं पटत नाही अशा लोकांना टीप उपयोगी वाटली तरच ती सर्वांना दिसते. अडचण अशी की वाद पेटलेला असताना असं एकमत लवकर होत नाही, आणि तोवर खोटी पोस्ट गावभर फिरून आलेली असते.

तो वेगही रचनेचाच भाग आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांमुळे देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली, तेव्हा अशा मेसेजचं फॉरवर्डिंग 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कोणाचं तोंड बंद न करता!

पण कंपन्या हे आपणहून करतील या भ्रमात राहू नका. 2017 मध्ये कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुक संतापलेल्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन देत होतं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र संशोधकांसाठी डेटा खुला करणं बंधनकारक केलंय. आपल्याकडे मी आधी तेवढंच मागेन. फीड कशी असावी यावर नंतर खुशाल भांडू.