पाण्याचे ग्लास मोजणारी मुलगी

"यजमानांना दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. मुलांना 'बाबांना थोडं बरं नाही' एवढंच सांगितलंय. मुलगी फार शहाणी, बाबांच्या पाण्याचे ग्लास वहीत लिहिते. पण डायलिसिसच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं, शाळा बुडते. रात्री उठून बाबांचा श्वास चालू आहे का बघते. काय करू?" — एक आई, सातारा जिल्हा

ताई, लेक रात्री उठते, कारण मोठं कुणी लक्ष ठेवून आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

पोटदुखी नाटक नाही. काळजीनं मुलांचं पोट खरंच दुखतं. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखण्यानं झोपमोड, वजन घटणं, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर तपासण्या हव्यात. तसं काही नसेल तर शाळा बुडू देऊ नका. घरी राहिलं की पोट दुखायचं थांबतं, आणि पुढच्या खेपेला शाळेचं पाऊल आणखी जड होतं. वर्गशिक्षिकांशी बोला. त्या तीन दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फोनवरून घरी एक फोन, दोन मिनिटांचा. एकच.

आता सांगण्याचं. डायलिसिस नसलेल्या दिवशी सगळे बसा आणि शक्यतो बाबांनीच बोलावं: "माझ्या किडन्या रक्त साफ करत नाहीत, ते काम मशीन करतं. चार तास लागतात. जास्तीचं पाणी निघतं, बीपी उतरतं, म्हणून घरी आल्यावर मी गळून पडतो. तुमच्यावर रागावलेला नसतो." धाकट्याला वेगळं सांगा की हा आजार त्याच्या दंग्यामुळे झाला नाही आणि जवळ बसल्यानं त्याला होणारही नाही. सहा वर्षांची मुलं असले हिशेब मनात करतात, बोलून दाखवत नाहीत. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या जागेच्या) हातावर हलकी बोटं ठेवू द्या, आतली थरथर जाणवली की भीती बरीच ओसरते. पण एकदाच. ती थरथर रोज तपासणं बाबांचं काम आहे, नाहीतर लेक वहीत तोही रकाना आखेल.

"बाबा मरणार का?" हा प्रश्न येईल. "काही होणार नाही" म्हणू नका. म्हणा, "आजार मोठा आहे, उपचार चालू आहेत. काही बदललं तर तुला मी स्वतः सांगेन, लपवणार नाही."

वही हिसकावू नका, तिची गरजच संपवा. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी बाबांनी सकाळी बाटलीत भरावं. प्यायचं ते त्यातूनच. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकावं. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं. लेकीला सुरुवात-शेवट असलेलं काम द्या: डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी बाबांची न्यायची पिशवी भरणं, दहा मिनिटं. आणि तिची शहाणपणाची तारीफ जरा आवरती घ्या. त्या कौतुकापायी ती रडणंही गिळते. चित्र, खेळ, मैत्रिणीशी झालेलं भांडण, याबद्दल विचारा. रोज पंधरा मिनिटं, आजाराचा विषय न काढता.

कपाटावर एक कागद लावा: १०८, डायलिसिस केंद्राचा नंबर, शेजारच्या काकूंचा नंबर. आडवं झाल्यावर दम लागला तर उठून बसवून १०८. फिस्टुलातून रक्त आलं तर स्वच्छ कापडानं दाबून धरून १०८. हे तुमचं काम. लेकीचं काम एवढंच: आईला उठवायचं, आई नसेल तर काकूंना.

दोन आठवड्यांत झोप, जेवण, शाळा सुधारली नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्या, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो. "मी नसते तर बरं" असं काही बोलली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटी ठेवू नका.

पहिले काही दिवस ती रात्री उठेलच. रागावू नका. एकदा बघू द्या, "मी आहे, मी बघते" म्हणा आणि अंथरुणापर्यंत सोडून या.