‘कळवतो’ म्हणून गेलेले लोक

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. समोरच्या मुलीने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी ती तो उचलून बघत होती. एमबीबीएस झालेली, यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या, परीक्षा दिलेली. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, सहा इंटरव्ह्यू झाले होते, सगळे झूमवर. शेजारी बाबा.

"मॅडम, सहाही ठिकाणी थँक यू मेल पाठवली. पाच ठिकाणांहून साधी पोच नाही. सहाव्या ठिकाणच्या डायरेक्टरनी मात्र स्वतः लिहिलंय, की तू आमच्यात छान रुळशील, आम्ही तुला बरंच वर ठेवणार आहोत."

"म्हणजे शब्दच दिला की," बाबा म्हणाले. "यादीत त्यांनाच पहिलं टाक म्हणतोय मी."

तिच्या मनातलं पहिलं ठिकाण मात्र त्या गप्प बसलेल्या पाचांतलं होतं.

उत्तर नाही म्हणजे नकार का? दरवर्षी याच दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे येतो. या जागा ‘मॅच’मधून ठरतात: उमेदवार आणि रुग्णालयं आपापल्या आवडीच्या क्रमाने याद्या देतात आणि संगणक त्या जुळवतो. भीती पोकळ नसते. २०२५ च्या मॅचमध्ये बाहेर शिकलेल्या आणि तिथले नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. पण मेलचा अर्थ आपण कांदेपोह्यांच्या हिशेबाने लावतो. ‘कळवतो’ म्हणून गेले आणि आठ दिवस फोन नाही, की समजायचं. इथे तो हिशेब चालत नाही. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीच्या नियमांनुसार, तुम्ही आम्हाला कितव्या क्रमांकावर टाकणार, हे कार्यक्रमाने, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या विभागाने, उमेदवाराला विचारायचंच नाही. आपणहून आवड कळवायला दोघांनाही मोकळीक आहे, पण त्या बोलण्याने कोणीच बांधलं जात नाही. मुदतीआधी दोन्ही बाजूंनी पक्की केलेली यादी तेवढी मोजली जाते. त्यामुळे इंटरव्ह्यूनंतर कोणालाच काही लिहायचं नाही, असं बरेच कार्यक्रम ठरवूनच टाकतात. आणि ‘बरंच वर’ म्हणजे तिसरा की तिसावा, हे त्या डायरेक्टरनी कुठे लिहिलं होतं?

मी सहा पाठकोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. तिला तिच्या आवडीने लावायला सांगितल्या. मग एकेक सरकवत गेले. संगणक आधी तुझी पहिली चिठ्ठी घेतो. त्यांच्या यादीत तू आहेस आणि जागा रिकामी आहे, किंवा तिथे बसलेला कोणी तुझ्या खालचा आहे, तर तू तिथे तात्पुरती बसलीस. नाही जमलं, किंवा नंतर उठावं लागलं, तर पुढची चिठ्ठी. तिथेही तुला पहिल्यासारखंच तोलतात. तू त्यांना दुसरं टाकलंस म्हणून त्यांच्याकडे तू खाली जात नाहीस.

"म्हणजे वर हवं ते टाकून काही जात नाही?"

"काही नाही. आवडीचं खाली टाकलंस तर मात्र जाईल."

बाबांना पटेना. १९९८ पासून ही पद्धत उमेदवाराच्या यादीपासून सुरू होते आणि ती तशी घडवणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे सांगितल्यावर ते जरा सैलावले. नोबेलचा एवढा उपयोग मला अधूनमधून होतो.

मग तिने हळूच ड्राफ्ट दाखवले. तीन ठिकाणांसाठी एकच वाक्य: ‘माझ्या यादीत तुम्ही पहिले आहात.’ इथे मी कडक झाले. यादीत पहिलं एकच असतं. वाटत असेल तर त्या एकाला लिही, चार ओळी, आणि उत्तराची वाट बघू नकोस. बाकीच्यांना खोटं लिहून मिळणार काय? तिने दोन ड्राफ्ट माझ्यासमोरच पुसले. तिसरा पाठवला की नाही, मी विचारलं नाही.

मुदत तिथल्या रात्री नऊची, म्हणजे आपल्या सकाळी साडेसातची. आदल्या दिवशीच यादी पक्की करून टाक, एवढं बजावलं. तरी तिने पहाटे पाच वाजता उठून ती पुन्हा उघडलीच, असं बाबांनी नंतर सांगितलं.

मार्चच्या तिसऱ्या सोमवारी ‘मॅच झालं’ एवढंच कळलं. कुठे, ते शुक्रवारी. तिचं दुसरं ठिकाण होतं, तेही त्या गप्प बसलेल्या पाचांतलंच. पुढच्या आठवड्यात तिथल्या कोऑर्डिनेटरची मेल आली, त्या कार्यक्रमाकडून तिला आलेली पहिलीच: जे-१ या, तिथे प्रशिक्षणासाठी जायच्या व्हिसाच्या कागदांची यादी, आपल्या आरोग्य मंत्रालयाकडून आणायच्या पत्रासह. तिने ती मला पुढे पाठवली आणि खाली लिहिलं, "मॅडम, आता या मेलला थँक यू म्हणू का?"