स्क्रीनच्या फ्लिकरवर (लुकलुकण्यावर) बोलणं निघालं की भांडणच का होतं? सभ्यपणे कसं बोलावं?

तुमचं म्हणणं असं की, नव्या स्क्रीनने डोकं दुखतं म्हटलं की ग्रुपमधले इंजिनिअर 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावतात, मग दोन्हीकडून एकमेकांची अक्कल काढली जाते. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारी सर्किटं, बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे आधी माझ्याच जातकुळीच्या लोकांना दोन शब्द सुनावतो.

'मला तर काही दिसत नाही' हा पुरावा नव्हे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा वर-खाली होतो, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त उजळते. डोळ्याला ती स्थिर वाटते. पण त्याच ट्यूबखाली लेथचा चक (काम पकडून फिरणारा भाग) ठरावीक वेगाने फिरत असला की थांबल्यासारखा भासतो, आणि थांबला समजून हात घालणाऱ्याची बोटं जातात. म्हणून तर वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकतात. बरं, शरीरालाही ते जाणवतं. ब्रिटनमध्ये 1989 साली संशोधक विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ऑफिसातल्या ट्यूबना चोकऐवजी सुमारे 32 किलोहर्ट्झवर चालणारे इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट लावून पाहिले. आत्ता कोणता प्रकार चालू आहे हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नव्हतं. डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. तेव्हा समोरच्याला वेड्यात काढण्याआधी एवढं तरी आठवावं.

आता तक्रार करणाऱ्यांकडे वळू. ब्राइटनेस कमी करायला बऱ्याच स्क्रीन पीडब्ल्यूएम वापरतात, म्हणजे प्रकाश खरोखर मंद न करता भराभर चालू-बंद करतात. हे मोजता येतं. पण स्क्रीन लुकलुकते हे सिद्ध झालं म्हणून तुमचं डोकं त्यानेच दुखतं हे सिद्ध होत नाही. चष्म्याचा नंबर, पापण्या कमी मिटल्याने कोरडे पडलेले डोळे, खिडकीची तिरीप, काहीही असू शकतं. आणि नुसता हर्ट्झचा आकडा फेकून उपयोग नाही, प्रकाश किती खोल खाली जातो तेही सांगावं लागतं. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संघटनेची 1789 क्रमांकाची 2015 सालची शिफारस दोन्ही एकत्र बघते: 90 ते 1250 हर्ट्झमध्ये, वारंवारतेला 0.08 ने गुणून येईल तेवढ्या टक्क्यांपर्यंतचा चढउतार कमी जोखमीचा. म्हणजे 240 हर्ट्झला साधारण 19 टक्के. ही शिफारस दिव्यांच्या एलईडीसाठी लिहिलेली आहे, तिला स्क्रीनचा कायदा म्हणून कुणाच्या तोंडावर मारू नका.

सगळ्यात जास्त शिव्या मी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओवरून पाहिल्यात. एक जण काळे पट्टे दाखवून म्हणतो 'हा घ्या पुरावा', दुसरा म्हणतो 'तो कॅमेऱ्याचा दोष आहे, शाळेत जा'. दोघांचंही अर्धंच बरोबर असतं. कॅमेऱ्याचं शटर 1/4000 सेकंदाच्या आसपास ठेवलं आणि बारीक बारीक भरपूर पट्टे आले, तर बहुधा पीडब्ल्यूएम. ओलेड स्क्रीनवर (जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) एकच पट्टा सावकाश सरकत असेल, तर तो बहुतेक वेळा चित्र ताजं होताना प्रकाशात येणारी क्षणिक घट. म्हणून अशा वेळी मी एवढंच विचारतो: शटर किती होतं, ब्राइटनेस किती होता? निम्मे वाद इथेच थंडावतात, कारण उत्तर द्यायला माणसाला परत जाऊन बघावं लागतं. तसंच तक्रार करणाऱ्याने 'या कंपनीने डोळे घालवले' असं न म्हणता 'अमुक मॉडेल, 30 टक्के ब्राइटनेस, अर्ध्या तासात कपाळ ठणकतं' असं लिहिलं, तर समोरच्याला चिडायला जागाच उरत नाही. 'विकाऊ', 'नाजूक प्रकृतीचे' वगैरे शब्द आले की मी सरळ गप्प बसतो.

तरी कुणी मानायला तयार नसेल, तर एलसीडी मॉनिटरवर एक चाचणी दोघांनी मिळून करा. एकदा मॉनिटरच्याच बटणाने ब्राइटनेस खाली आणा. दुसऱ्या वेळी बटण 100 वर ठेवून (तिथे चालू-बंद सहसा होतच नाही) संगणकातून तेवढाच अंधार करा. कोणती सेटिंग आहे हे तिसऱ्याने ठरवायचं, वाचणाऱ्याला सांगायचं नाही, आणि काही दिवस क्रम उलटसुलट ठेवायचा. मात्र सिनेमा लावू नका, साधा मजकूर वाचायला द्या, कारण दुसऱ्या सेटिंगमध्ये काळा रंग जरा फिकट दिसतो आणि पारखी नजर तेवढ्यावरून ओळखते.