वाचकांचे प्रश्न : 36 अर्धवट फायली आणि एक फळा

प्रश्न : मी सांगलीत करसल्लागार आहे. हाताखाली दोन सहायक, त्यातली एक आठवड्यातले तीन दिवस तासगावहून घरूनच काम करते. मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी, काही ठेकेदार, दोन हॉटेलं असे 70 क्लायंट आहेत. बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कुणी पिशवीत भरून आणून देतं. आम्ही दिवसाला सरासरी 4 फायली हातावेगळ्या करतो, तरी कधीही मोजा, 36 अर्धवट पडलेल्या असतात. गेल्या महिन्यात एकाचं 3बी, म्हणजे 20 तारखेपर्यंत भरायचं जीएसटीचं मासिक रिटर्न, राहूनच गेलं. आठवलं 23 तारखेला, रात्री जेवताना. दुसऱ्या दिवशी भरलं, 4 दिवसांची 200 रुपये लेट फी माझ्या खिशातून दिली. तीन अ‍ॅप घेऊन झाली, आठवड्यात सुटली. मुलगा म्हणतो, ट्रेलो हे कामांचा फळा मांडणारं अ‍ॅप वापरा. खरंच फरक पडेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पडेल. तुमच्या पत्रातल्या दोनच आकड्यांवरून मी हे सांगते आहे, त्यामुळे आधी ते बघू. अर्धवट 36, रोज पूर्ण होणाऱ्या 4. म्हणजे फाईल उघडल्यापासून भरून होईपर्यंत सरासरी 9 दिवस. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हे गणित सिद्ध करून दिलं आणि कारखान्यांत ते आजही रोज वापरलं जातं. तुम्ही तिघं कामाचा वेग तिळभरही वाढवू नका, फक्त अर्धवट फायली 10 वर आणा. तेच काम अडीच दिवसांत बाहेर पडेल. तुमची तिन्ही अ‍ॅप आठवण करून देणारी असणार. 36 कामांची आठवण एकदम आली की माणूस घंटीच बंद करतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मी भोसरीच्या एका कारखान्यात 22 वर्षं स्टोअर सांभाळलं. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. बोल्ट, वॉशर, गॅस्केट यांचे प्रत्येकी दोन क्रेट लाइनवर असत, एक पुढे, एक मागे. पुढचा संपला की त्यावरचं कार्ड माझ्याकडे यायचं आणि मी तेवढाच माल पाठवायची. ही कानबान. जपानी भाषेत पाटी किंवा फलक. टोयोटात ताइची ओनो या अभियंत्याने 1950 च्या दशकात ती बसवली, अमेरिकेतल्या सुपरमार्केटची कल्पना घेऊन: फडताळातून जेवढं उचललं गेलं तेवढंच परत भरायचं. तुमचा ट्रेलो 2011 साली आला. रकाने आणि सरकणारी कार्डं ही त्याची मांडणी त्याच कानबानची आहे.

आमच्याकडे एकदा गॅस्केटचे दोन्ही क्रेट संपले आणि लाइन दोन तास बंद पडली. माल स्टोअरमध्ये भरपूर होता. कार्ड मिळालं एका कामगाराच्या एप्रनच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटावर तेलकट अंगठ्याचा ठसा तसाच. सुट्टी झाली की देतो, असं तो म्हणाला होता. त्या दिवसापासून नियम केला: मागच्या क्रेटमधला पहिला नग उचलायच्या आधी कार्ड पेटीत. तुमची तीन अ‍ॅप सुटली त्याचं मूळ मला इथेच दिसतं. संध्याकाळी एकदम नोंदी करायचं ठरवलं असणार. काम सरकलं त्याच क्षणी कार्ड सरकलं नाही तर फळा खोटं बोलायला लागतो, आणि खोट्या फळ्याकडे तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही.

तिघंही रोज एकाच खोलीत बसत असतात तर मी भिंत आणि चिकटचिठ्ठ्याच सांगितल्या असत्या. तासगावच्या सहायकेला भिंत दिसत नाही, म्हणून ट्रेलो. रकाने पाचच करा: कागद येणं बाकी, कागद पूर्ण, हातात, तपासणीला, भरलं. कार्डावर क्लायंटचं नाव, कोणतं रिटर्न, शेवटची तारीख. आत लहान यादी: विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, 2बी (खरेदीवरच्या कराचा पोर्टलवर येणारा तक्ता) जुळवणं, चलन, ओटीपी. दर महिन्याला तीच कार्डं आपोआप तयार होतील अशी सोय ट्रेलोत आहे, ती मुलाकडून लावून घ्या. जे 3बी तुम्हाला 23 तारखेला आठवलं, त्याचं कार्ड 1 तारखेपासून डोळ्यांसमोर असेल. एक मात्र कळकळीने सांगते, क्लायंटचे पासवर्ड कार्डावर लिहू नका.

आता मर्यादा. 'हातात' माणशी 2, म्हणजे तिघांची मिळून 6. 'तपासणीला' 4. सातवी फाईल उघडायची असेल तर आधी एक पुढे ढकलायची. पहिला आठवडा हे फार जड जाईल. समोर व्यापारी बसलेला असताना 'तुमचं उद्या घेते' म्हणायला सहायकांची जीभ रेटणार नाही. तिथे त्यांच्या पाठीशी तुम्ही उभं राहायला हवं. आणि सगळे कागद आल्याशिवाय फाईल 'हातात' घ्यायचीच नाही. अर्धी बिलं आली म्हणून सुरू केलेलं काम, हेच तुमच्या 36 चं मोठं कोठार असणार.

दहा दिवसांत एक गोष्ट नक्की दिसेल. गर्दी 'तपासणीला' या रकान्यात होईल, कारण तपासणारे तुम्ही एकटे. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या कारखान्यातही लाइन कुठे तुंबते ते कार्डांनीच दाखवलं, आणि ते साहेबांचं टेबल निघालं. चार कार्डं साचली की सहायकांनी नवीन काम उघडायचं नाही, तुमच्याकडे येऊन बसायचं. निल (व्यवहारच नसलेली) रिटर्नं आणि साधी रिटर्नं त्या दोघींनी एकमेकींची तपासावीत, उरलेली तुम्ही. तुमची सकाळची 11 ते 1 ही वेळ फक्त याच रकान्यासाठी ठेवा, फोन सहायकांकडे.

'कागद येणं बाकी' हा रकाना रोज साडेदहाला एकदाच उघडायचा आणि त्यातल्यांना फोन करायचे. दिवसभर आठवेल तसे फोन करू नका. 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 14 ला 2बी दिसतं, 20 ला 3बी. 14 ते 20 हे सहा दिवस तुमचे सुगीचे, त्यात बिलं मागत बसायला फुरसत नसते, म्हणून खरेदीची बिलं 10 च्या आत. क्लायंटनेच उशीर केला तर ते दिवस ट्रेलो वाचवणार नाही, पण कार्ड कोणत्या तारखेपासून त्या रकान्यात आहे हे त्याला दाखवता येईल.

'भरलं'मध्ये कार्ड एआरएन, म्हणजे रिटर्न भरल्याचा पोचक्रमांक, आल्यावरच. ओटीपी मागितलाय, चलन गेलंय, होईलच, यातलं काहीही चालणार नाही. आणि तुम्ही 200 रुपये खिशातून दिलेत, त्या माणसाला तेही सांगा. तुमच्या क्लायंटना तुमच्याबद्दल हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी घरून भाषांतराचं काम करते. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती असं घड्याळ लावते. पण सूर लागला की नेमका गजर वाजतो. सोडून देऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सोडू नका, वाजण्याची वेळ बदला. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली, ती स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर. म्हणून नाव पोमोदोरो, टोमॅटो. त्याची अडचण अभ्यासाला बसण्याची होती. तुम्ही बसता, सूरही लागतो. पहिल्या बैठकीला 25 ठेवा, सूर लागलेल्या दिवशी पुढच्या बैठका 50 च्या करा. मात्र गजर झाल्यावर हातातलं वाक्य पूर्ण करून, पुढच्या वाक्याचे दोन शब्द लिहून उठा. परत बसल्यावर कुठून सुरू करायचं हा प्रश्नच राहत नाही. पाच मिनिटांत फोन बघू नका, गॅलरीत जा.

प्रश्न : मी चिपळूणला ब्लाउज शिवते. गणपतीच्या आधी तारखा चुकतात, बायका रागावतात. मला मोबाईलवरचं काही जमत नाही. वही पुरेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्हाला वहीपेक्षा चार खुंट्या जास्त उपयोगी पडतील. तुमच्या पिशव्या हीच तुमची कार्डं. पहिल्या खुंटीवर मापं घेतलेली, दुसरीवर कापलेली, तिसरीवर मशीनची, चौथीवर हूक-काजं बाकी असलेली. प्रत्येक पिशवीला तारखेची चिठ्ठी टाचा. कापलेल्यांच्या खुंटीवर 5 च्या वर पिशवी नको. कापड सबंध असतं तोवर थांबू शकतं, कापलेले तुकडे पडून राहिले की एकीची बाही दुसरीच्या पिशवीत जाते, हे तुम्हाला मी काय सांगावं. अस्तर भिजवून वाळलेलं नसेल तर पिशवी पहिल्याच खुंटीवर.

तारीख देताना अंदाजाने देऊ नका. चारही खुंट्यांवरच्या पिशव्या मोजा, रोजच्या शिलाईने भागा. 27 पिशव्या आणि रोजचे 3 ब्लाउज, तर 9 दिवस, वर भारनियमन, पाहुणे यांचा एक. दहाव्या दिवसाची तारीख सांगा. कुणी 'उद्याच हवा' म्हणाल्या तर त्यांना आत बोलावून खुंट्या दाखवा आणि कोणाची पिशवी मागे ठेवू, ते त्यांनाच विचारा.